भाजी कसली होती?

दुपारची पाळी बदलत होती. कोथरूडच्या त्या हॉस्पिटलात घरी जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला सगळं रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून सांगत असे.

"श्यामलाबाई, मधुमेह," उत्कर्षा भराभर सांगत होती. "एक्स-रेला गेल्या होत्या, म्हणून दुपारचं इन्सुलिन राहिलंय. आता जेवण झालंय, ताट रिकामं परत गेलं. तेवढं देऊन टाक."

रुपालीनं सिरिंज भरली. श्यामलाबाईंच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला आणि सहज विचारलं, "आजी, आज भाजी कसली होती?"

श्यामलाबाई खिडकीकडे पाहू लागल्या. "होती आपली... नेहमीचीच."

"दोडक्याची होती जी," शेजारच्या खाटेवरून मालनबाई म्हणाल्या. "मस्त होती. यांचं ताट वाया जाऊ नये म्हून म्याच संपवलं."

उत्कर्षाचा चेहरा उतरला.

"आज संकष्टी," श्यामलाबाई हळूच म्हणाल्या. "नातवाचा, आमोदचा, अमेरिकेचा व्हिसा अडकलाय हो. सकाळपासून नुसतं पाणी घेतलंय. डॉक्टर रागावतील म्हणून बोलले नाही."

रुपालीनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "उपाशीपोटी हे दिलं असतं ना, तर तुमची शुद्ध गेली असती. आणि आम्हाला वाटलं असतं, आजींचा डोळा लागलाय."

तिनं बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासलं. साखर आधीच बरीच खाली आली होती.

"दूध उपासाला चालतं. लगेच घ्यायचं, साखर घालून. आणि डॉक्टर रागावणारच आहेत. ते ऐकायला तुम्ही जाग्या हव्यात."

श्यामलाबाईंना हसू आलं. हसता हसता डोळे भरले. रुपालीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं हे?"

उत्कर्षा पुढे झाली. "सर, मी नुसतं ताट पाहिलं. त्यांना विचारलंच नाही..."

"खाटेपाशी आम्ही दोघी होतो, सर," रुपाली म्हणाली. "बोलता बोलता कळलं."

उत्कर्षाची ड्यूटी कधीच संपली होती. ती गेली नाही. स्टूल ओढून श्यामलाबाईंजवळ बसली आणि शेवटच्या घोटापर्यंत दुधाचा पेला त्यांच्या ओठांशी धरून राहिली.