गुडघ्याच्या उंचीवर

बायकोची अंगठी शोधायला मी धातुशोधक यंत्र आणलं. आजारपणात तिची बोटं इतकी बारीक झाली होती, की अंगठी घरातच कुठेतरी गळून पडली. ती सापडायच्या आधीच ही गेली.

दुमडून दप्तरात मावेल एवढं ते यंत्र पाहून नात हरखली. "आजोबा, मीच फिरवणार हं!"

"फिरव. पण आधी धातू नसेल तिथे धरून बघायचं," मी म्हटलं. "तिथे ते गप्प राहिलं, तरच पुढे त्याच्यावर विश्वास ठेवायचा."

त्यासाठी मी हिची वेताची खुर्ची दाखवली. ती मीच बांधली होती. तिच्यात एक खिळासुद्धा नव्हता.

यंत्र वाजलं.

मी गादी झटकली, मग खुर्चीच बाजूला सरकवली. मोकळ्या हवेत, गुडघ्याच्या उंचीवर, ते पुन्हा वाजलं.

"आजीचा गुडघा स्टीलचा होता ना?" नातीने हळूच विचारलं.

"यंत्रंही चुकतात, बाळा."

मी दारापाशी सरकलो. तीही यंत्र घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आता ते गप्प होतं. खोलीत दुपारचं लख्ख ऊन होतं.

ही खुर्चीतून उठायला लागली की मी दर वेळी जे म्हणायचो, तेच सवयीने तोंडातून निघून गेलं.

"सावकाश ये गं. घाई नाही."

नातीचा हात जागचा हलला नव्हता. यंत्र अगदी बारीक वाजलं. थांबलं. मग थोडं मोठ्याने वाजलं.