तळ्यातला बुक्का

घरामागच्या आमच्या तळ्यात मांगूर मासे इतके माजले, की एकही रोहू शिल्लक राहिला नाही. ते काढायला नामपल्लीहून यादगिरी नावाचा कोळी जाळं घेऊन आला होता. मी घरचं कीर्तन संपताच तळ्यावर आले. बुवांनी लावलेला बुक्का अजून कपाळावर होता.

माझे दीर शिवराज कीर्तन चुकवून छातीभर पाण्यात उभे होते. "वैनी, आता अभंग नक्को, मसाला वाटा!"

पहिला मासा वर आला. अंग ओलंचिंब, पण डोक्यावर बुक्क्याचा ठिपका कोरडा. मी बोट लावलं, तर बोटाला तोच सुवास. दुसराही तसाच. मग जाळ्यातले सगळेच.

यादगिरीनं जाळं सोडलं. "वद्दम्मा, नको बाई, मला नको हे काम," म्हणत तो मागे सरला.

"भावजी, आधी वर या!" मी ओरडले.

"आलोच. जाळं खाली अडकलंय." हसत त्यांनी बुडी मारली.

पाणी हललंसुद्धा नाही. मी विठ्ठल, विठ्ठल म्हणत राहिले.

ते वर आले. केसांतून पाणी निथळत होतं आणि कपाळावर कोरडा बुक्का होता. मला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आवाज नव्हता. डोळे माझ्यावरच होते, आणि पापणी लवत नव्हती.