राखीव काठ

तळ्याच्या म्हाताऱ्या राखणदाराला वनखात्याच्या नव्या साहेबांचा पहिल्याच दिवशी संशय आला. “पाणमांजरांची बिळं नेमकी कुठे आहेत, बाबा? तेवढा काठ सरकार राखीव करणार आहे.” आधीचे साहेबही असंच गोड बोलले होते, आणि पंधरवड्यात शिकारी थेट बिळांपाशी पोहोचले होते. दुधाने तोंड पोळलेल्या म्हाताऱ्याने पूर्वेची बिळं लपवली आणि पश्चिमेचा ओसाड काठ दाखवला. महिन्याभराने हुकूम निघाला: पश्चिमेचा काठ राखीव, पूर्वेचा बांधकामाला मोकळा. म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकली. तो धापा टाकत कचेरीत शिरला. “साहेब, मी खोटं बोललो. बिळं पूर्वेला आहेत. तुमच्यावर भरवसा नव्हता माझा.” साहेबांनी पेन खाली ठेवून त्याला नखशिखान्त न्याहाळलं. “पश्चिमेच्या जमिनीचा मालक आपली जमीन सुटावी म्हणून काल इथेच बसून हेच सांगत होता. खरं सांगा, बाबा, त्याने तुम्हाला कधी फितवलं?”