पहिलटकरीण

माझ्या अर्पिताला पहिल्या बाळंतपणासाठी चंद्रपूरहून आणायचं होतं. "लेक घरच्या गाडीतच येईल, थंडगार एसीत. किरायाची गाडी आमच्या दारात लागत नाही," असं मी आर्णीभर सांगून बसले होते. आणि नेमका भर मे महिन्यात आमच्या जुन्या गाडीचा एसी मुका झाला.

धम्मदीप मिस्त्रीने फ्यूज पाहिला, गॅस पाहिला. "सारं बरोबर हाय काकू, पण आतला पंखाच फिरून नाही राह्यला."

"मंग खोल ना बाबू! नुसता गाडीले नजर लावून राह्यला."

त्याने पंख्याचा डबा खोलला. पांढराशुभ्र कापूस सावरीसारखा तरंगत तरंगत माझ्या पदरावर उतरला. डब्यात आमच्याच घरातल्या कापसाची गादी होती, आणि तिच्यावर उंदराची गुलाबी पिल्लं डोळे मिटून, ढगात झोपल्यासारखी पडली होती. शेजारी कुरतडलेली वायर लोंबत होती.

"फेकू का, काकू? आत्ता एसी चालू करून देतो."

मी जावयाला फोन लावला.

"जावईबापू, तिकडूनच किरायाची गाडी करा. आमच्या गाडीत बाळंतीण हाय, तिले हलवता नाही येत."