नाण्याएवढा सेल

काका फिरायला बाहेर पडले आणि पाचच मिनिटांत दुरुस्तीवाली आली, म्हणून काकूंना हायसं वाटलं. तास तरी हाताशी होता.

“कॉम्प्युटर चालू केला की तारीख दर वेळी पंधरा वर्षं मागे जाते,” काकू म्हणाल्या. “दवाखान्याचं पान उघडत नाही. आजवर अडलं नाही, पण आता यांच्या तपासणीची वेळ तिथूनच घ्यावी लागते.”

“भिंतीवरचं बटण बंद करता?”

“हे करतात. वाचून झालं की लगेच.”

“मग आतला सेल संपलाय. नाण्याएवढा असतो. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो.”

“नवा बसवला की तारखा खऱ्या दिसतील?”

“आधीच्या फायलींच्या नाही. नव्या लिहाल त्यांच्या दिसतील, अगदी मिनिटासकट.”

काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

मुलगा बोटीवर कामाला होता. गेल्या वर्षी काकांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्याच आठवड्यात तो परक्या बंदरात क्रेनखाली सापडून गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना धक्का बसता कामा नये. काकूंनी तोंड शिवून घेतलं. घरी आल्यावर काकांनी विचारलं, “पोराचं काही पत्र?” आणि काकूंच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं.

तेव्हापासून काका फिरायला गेले की काकू लिहायला बसत. बोटीवरचं जेवण, वारा, सोबत्यांच्या खोड्या. काका परत आले की मोठ्या अक्षरात पत्र स्क्रीनवर तयार असे. ते दोनदा वाचत, मान हलवत आणि म्हणत, “बरा आहे म्हणायचा.”

पहिल्या तीन पत्रांच्या वेळी काकूंचा जीव टांगणीला लागला होता. पत्रात ‘रविवारी लिहितोय’ आणि फायलीपुढे मंगळवार, संध्याकाळचे साडेपाच. काका आयुष्यभर विजेचे मीटर दुरुस्त करत आलेले. आकडा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. पण नेमकं तेव्हाच घड्याळ बिघडलं. त्यानंतरच्या सगळ्या पत्रांपुढे एकच जुनी तारीख पडू लागली. काकूंना देव पावल्यासारखं झालं. दुरुस्त करा, असं त्यांनी उगाच वरवर म्हटलंही होतं. “चुकतंय तर चुकू दे,” काका म्हणाले होते, “हात थरथरतात माझे.”

आता मात्र तपासणी टाळून चालणार नव्हतं. आज ते परत आले की समोर बसवून सांगून टाकायचं, काकूंनी मनाशी ठरवलं. पुढे जे होईल ते होईल.

दुरुस्तीवालीने स्क्रू काढून झाकण बाजूला घेतलं.

“काकू, सेल जागेवरच नाहीये. हा कुणी उघडला होता?”

“कुणीच नाही.”

“मग हे काय?” तिने झाकण उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला काळ्या चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावली होती. घडीत सेल होता.

चिठ्ठीवरचं उभं, ठसठशीत अक्षर काकूंनी लांबूनच ओळखलं. चष्मा लावायचं त्यांना सुचलं नाही. दुरुस्तीवालीनेच वाचून दाखवलं.

“सेल चांगला आहे, मीच काढलाय. कृपया परत बसवू नका. तारखा दिसू लागल्या, तर मुलाची पत्रं लिहायचं ही थांबवेल.”