इस्तारीभाऊचं गोल्ड कार्ड

"पण मी तं एक रुपयाही थकवला नाई साहेब! मंग मले घराचं कर्ज काऊन नाई?"

इस्तारीने पुन्हा तेच विचारलं. बँकेतले बोरकुटे साहेब तसे भले माणूस. त्यांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवून दाखवला, आणि इस्तारीला होतं नव्हतं तेवढंही कळेनासं झालं.

"थकवलं नाही, हे खरं आहे," साहेब म्हणाले. "पण तुमचं क्रेडिट कार्ड दर महिन्याले काठोकाठ भरते. वरून पाहणाऱ्याले काय वाटन? या माणसाचं उधारीशिवाय पानच हालत नाही. म्हणून तुमचा स्कोर पडला."

"पण लिमिट तं बँकेनंच वाढवली. गोल्ड कार्ड घरी आणून देल्लं!"

"वाढवली ना. पण ते भरून टाकाले नाही भाऊ. जेवढं रिकामं ठेवसान, तेवढा स्कोर चांगला."

"रिकामंच ठेवाचं तं देता काऊन?"

साहेबांनी कॉम्प्युटर पुन्हा आपल्याकडे वळवला. "सहा महिने हात आखडा. अगदी जरुरीपुरतं वापरा. मग या माझ्याकडे."

आता खरं सांगायचं तर ते कार्ड एकट्या इस्तारीचं होतंच कुठे? वीज कंपनीच्या ऊर्जानगरमधल्या क्वार्टरांच्या त्या अख्ख्या लाइनीत कार्डवाला तो एकटा. माणूस मूळचा सावली गावाकडचा, तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या घरचा. तिकडे ज्याच्या घरी जाळं, त्याच्या दारात पहाटेच शेजारी मागायला उभे. जाळं द्यायला नाही म्हणणं म्हणजे गावात तोंड दाखवायची चोरी. इस्तारीने कार्डाचंही तेच केलं. प्रफुलचा टीव्ही, बापूरावांचा फ्रिज, कोणाची सायकल, कोणाचा मिक्सर, सगळं इस्तारीभाऊच्या कार्डावर. माणसंही इमानी. पगार झाला की ज्याचे त्याने पैसे आणून द्यायचे आणि इस्तारीने तारखेच्या आत भरून मोकळं व्हायचं. लिमिट वाढली तेव्हा तर लाइनीत पेढे वाटले होते बिचाऱ्याने!

घरी त्याच्या बायकोने, गोकुळाने, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. दुर्गापूरकडच्या प्लॉटला तिच्या भिशीचे सगळे पैसे इसार म्हणून गेले होते. दिवाळीपर्यंत बाकीचे दिले नाहीत तर प्लॉटही गेला आणि इसारही. या क्वार्टरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी ऑफिसला विचारावं लागे. जन्मात एक भिंत आपली असावी, एवढंच मागणं होतं तिचं.

"आता कोनी मागाले आलं तं सरळ नाई म्हना," ती म्हणाली. "सहा महिन्याचीच तं गोष्ट हाय."

मे महिन्यात शेजारचा सोनू आला. चंद्रपूरचा मे! पंखासुद्धा अंगावर आग ओकत होता.

"भाऊ, एक कूलर घ्याचा होता. बायको बाळंतपनाहून आली, लेकरू गर्मीनं रातभर रडते."

इस्तारीने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. "यावेळेस नाई जमत सोनू."

"काऊन? मी कधी बुडवले का तुमचे पैसे?"

"नाई."

"मंग?"

इस्तारीने समजावून पाहिलं. बँक, स्कोर, काठोकाठ, रिकामं. बोलता बोलता त्याचाच गोंधळ उडाला. जे आपल्याला धड कळलं नाही ते दुसऱ्याला काय सांगणार, कप्पाळ!

"म्हंजे कार्ड रिकामं हाय, आन तरी देत नाई," सोनू शेवटी म्हणाला. "बरं हाय भाऊ."

मग प्रफुल येऊन गेला, बापूरावही येऊन गेले. आल्या पावली परत गेले. कंपनीच्या बसमध्ये इस्तारीसाठी जागा धरणारा रुमाल दिसेनासा झाला. गोल्ड कार्ड आलं तशी भाऊले हवा लागली, असं कोणीतरी मागच्या सीटवरून त्याला ऐकू जाईल असं बोललं. सोनूच्या लेकराचं बारसं झालं. पाळण्याची गाणी भिंतीपलीकडून ऐकू येत होती आणि गोकुळा ओट्यापाशी नुसती उभी होती. बोलावणं आलंच नव्हतं. त्या दिवशी ती खूप रडली. आपलं नेमकं चुकलं कुठे, हे दोघांनाही सांगता येईना. आधी देत होतो तेव्हा बँक नाराज, आता देत नाही तर माणसं नाराज.

"घर झालं की सगळ्याइले जेवाले बोलवू," डोळे पुसत ती म्हणाली. "मंग समजन त्याइले."

दसऱ्यानंतर दोघंही बँकेत गेली. बोरकुटे साहेबांनी कॉम्प्युटर उघडला आणि खुर्चीतून अर्धे उठलेच.

"वा रे वा, इस्तारीभाऊ! काय सुधारला स्कोर! आता कर्ज मंजूर झालंच समजा. बँकेचा पक्का विश्वास बसला तुमच्यावर."

गोकुळाने हात जोडले. इस्तारीला तर हसावं का रडावं समजेना. सगळं सहन केलं त्याचं चीज झालं, म्हणून त्याचा ऊर भरून आला.

साहेबांनी फाइलवर सही केली, शिक्का मारला आणि फाइल पुढे सरकवली.

"आता एकच काम राह्यलं. दोन जामीनदार घेऊन या. दूरचे नको, तुमच्या लाइनीतलेच पगारदार आणा, जे तुम्हाले रोज पाहतात. तुमच्यासारख्या माणसाले कोण नाही म्हणते!"