डाव्या हाताची कात्री

"साहेब, याला सोडून दुसरं कुठलंही कापा," माळीणमावशी म्हणाल्या.

साहेबांना कापायचं कुठं होतं! त्यांना फोटो हवा होता. कार्यालयाच्या बागेला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर साहेब स्वतः छाटणी करताना दिसायला हवे होते. आठ वर्षांत साहेबांचा नि बागेचा संबंध गाडीच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत, तोही फोनवर बोलत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पण बक्षीस ज्याचं त्याला लखलाभ, मावशींना त्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता मधल्या झुडपात.

पांढऱ्या गुच्छांचं झुडूप ते, बोटभर काडीपासून मावशींनी वाढवलेलं. त्याची फुलं गेल्या वर्षीच्या फांद्यांच्या टोकाला येतात, म्हणून छाटायचं ते फुलं होऊन गेल्यावर. एवढीशी गोष्ट, पण सांगायची कुणाला? दर वर्षी थंडी सरता सरता, नेमक्या कळ्या धरायच्या सुमाराला, तपासणी यायची आणि वरून हुकूम सुटायचा की सगळी झुडपं गोल करा. यंत्र फिरायचं. चार वर्षं झुडपानं एक फूल दाखवलं नव्हतं, आणि वर हेच लोक विचारायचे, मावशी, हे फुलत का नाही हो? यंदा मावशींनी यंत्राची वायरच घरी नेली आणि पिठाच्या डब्यामागं ठेवून दिली. म्हणून आता टोकाटोकाला हरभऱ्याएवढ्या कळ्या होत्या. आणखी पंधरा दिवस मिळाले की झालं होतं.

त्यांनी साहेबांना कुंपणाची झुडपं दाखवली. ती वेडीवाकडी वाढली होती, त्यांना खरंच कात्री हवी होती. फोटोवाला म्हणाला, तिकडं ऊन डोळ्यांत येतं, उजेड इथंच चांगला आहे, शिवाय मागं कार्यालयाची पाटी येते. साहेब म्हणाले, एका फांदीनं काय होतंय.

"एका फांदीला नऊ-नऊ कळ्या आहेत, साहेब."

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कात्रीसाठी हात पुढं केला.

कात्री मावशींची स्वतःची होती. त्या डावखुऱ्या. लहानपणी आईनं उलथन्यानं मारून पाहिलं, पण हात काही बदलला नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी लोहाराकडून ही कात्री करून घेतली, पाती उलटी बसवून. उजव्या हातात धरली की तिची पाती एकमेकांपासून फाकतात, मग ती कापत नाही, नुसती चावते. हे सगळं त्यांनी साहेबांना सांगितलं.

"कात्रीला कसलं आलंय डावं-उजवं," साहेब म्हणाले.

त्यांनी फांदी धरली, कॅमेऱ्याकडं बघून हसले आणि कात्री दाबली. फांदी तुटली नाही. ती पात्यांच्या मधे चेपली, तिची साल सोलली गेली आणि नऊ कळ्यांसकट ती लोंबायला लागली. साहेबांनी दुसरी धरली. तिचंही तेच झालं. फोटोवाला म्हणाला, चेहऱ्यावर फार जोर दिसतोय साहेब, जरा प्रसन्न. मग तिसरी.

"हिला धारच नाही," साहेब म्हणाले आणि कात्री मावशींच्या पायाशी टाकली. "असल्या बोथट कात्रीनं बागा करता तुम्ही?"

नाचता येईना, अंगण वाकडं! सकाळी अर्धा तास दगडाशी बसून लावलेली धार होती ती. तेवीस वर्षांत या बाईनं पुष्कळ ऐकून घेतलं होतं, रजेवरून, उशिरावरून, अगदी चहाच्या कपावरूनसुद्धा. कात्रीवरून मात्र आजवर कुणी बोललं नव्हतं.

मग फोटोवाल्यानं तोडगा काढला. साहेबांचा कोट मावशींनी घालायचा आणि फांद्या सपासप कापायच्या. चांगल्या दहा-बारा कापा म्हणाला, एखादी तरी जमेल. फोटो गळ्यापासून कमरेपर्यंतचाच. साहेबांचा चेहरा सावलीत वेगळा काढून संगणकावर जोडून टाकू, कुणाच्या बापाला कळणार नाही. साहेबांना हे फारच पसंत पडलं.

"म्हणजे हात हिचे, तोंड माझं," ते हसत म्हणाले आणि त्यांनी कोट उतरवला.

मावशींनी कात्री उचलली, पदराला पुसली आणि कोट घातला. त्या अंगानं थोराड, कोट बेतल्यासारखा बसला. फोटोवाल्यानं बाह्या नीट केल्या आणि पुढची बटणं लावायला सांगितलं. तीन होती, पितळी. मावशींनी तिन्ही लावली.

"हां, कापा मावशी."

मावशींनी एकदा त्या लोंबणाऱ्या फांद्यांकडं पाहिलं. मग उजव्या हातानं कोटाचं वरचं बटण ताणून धरलं आणि डाव्या हातानं कात्री चालवली. बटण हिरवळीवर पडलं. त्याच्यामागून दुसरं, मग तिसरं. कापडाला ओरखडासुद्धा नाही, नुसता दोरा तुटलेला.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

मावशींनी कोट काढला, बाह्या आत दुमडून त्याची घडी घातली आणि ती साहेबांच्या हातावर ठेवली.

"धार आहे, साहेब," त्या म्हणाल्या.

मग त्या झुडपाशी वळल्या. चेपलेल्या तीन फांद्यांना त्यांनी खालून एकेक स्वच्छ काप दिला आणि त्या आपल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत उभ्या केल्या. बाकीच्या झुडपाला त्यांनी कात्री लावली नाही.